पात्र काय निवडते ते पाहा : कादंबरी आणि चित्रपटाच्या विश्लेषणाची पहिली ओळख

चित्रपट पाहून झाल्यावर पारावर त्याविषयी जे बोलणे होते ते बहुधा 'लय भारी' किंवा 'काही दम नाही' एवढ्यावर संपते. तेच बोलणे महाविद्यालयाच्या प्रकल्पवहीत दहा पानांचे होते, तेव्हा त्यात कथानकाचा सारांश, लेखकाचा परिचय आणि 'अशा प्रकारे या कलाकृतीतून समाजाचे वास्तव दर्शन घडते' हे ठरलेले वाक्य यापलीकडे फारसे काही नसते. या दोहोंच्या मध्ये जी जागा रिकामी राहते ती विश्लेषणाची. यवतमाळ, अमरावती, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली अशा जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत राहून ज्यांना कादंबरीविषयी किंवा चित्रपटाविषयी पहिल्यांदाच नीट लिहायचे आहे, मग ते बारावीचे विद्यार्थी असोत की वाचनाची आवड असलेले शेतकरी किंवा अंगणवाडीताई, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. त्यासाठी मराठीची पदवी लागत नाही. एक वही, एक कलाकृती आणि ती दोनदा पाहण्याची तयारी एवढे पुरते.

कलाकृतीची निवड

सुरुवात एकाच कलाकृतीपासून करावी आणि ती आपल्या हाती पूर्ण असावी. यूट्यूबवरच्या तुकड्यांवरून किंवा गाइडमधल्या सारांशावरून विश्लेषण होत नाही, कारण ज्या बारीक गोष्टींवर ते उभे राहते त्याच नेमक्या सारांशात गळून पडतात. कादंबरी घ्यायची तर उद्धव शेळके यांची १९६० साली आलेली 'धग' घ्यावी, असे मी सुचवीन. ती वऱ्हाडातली आहे आणि तालुक्याच्या वाचनालयात सहसा मिळते. चित्रपट घ्यायचा तर आधी एकदा पाहिलेला आणि आवडलेला घ्यावा, म्हणजे 'पुढे काय होणार' ही उत्सुकता आड येत नाही. मोबाइलवर पाहणार असाल तर इअरफोन लावूनच पाहावे. अंगणात चारचौघांत बसून, मध्येच पंपाची लाइन आली का हे पाहायला उठत पाहिलेल्या चित्रपटातला आवाज आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि 'सैराट'सारख्या चित्रपटाचा शेवट ज्या निःशब्दतेवर उभा आहे ती कानांत पडली नाही तर त्या शेवटाविषयी लिहिण्यासारखे अर्धेअधिक हातचे गेले असे समजावे.

पहिली पायरी : दोन वाचने, एक वही

पहिल्या वेळी काहीही लिहू नये. हसू आले तर हसावे, रडू आले तर रडावे. आपल्यावर काय परिणाम झाला हे आधी कळले पाहिजे, कारण तो परिणाम कशाने झाला हाच पुढचा प्रश्न आहे. दुसऱ्या वेळी वहीचे पान उभे तीन भागांत आखावे. पहिल्या भागात प्रसंग एका ओळीत लिहावा, दुसऱ्यात पानाचा क्रमांक किंवा चित्रपटातली मिनिटे, आणि तिसऱ्यात आपल्याला पडलेला प्रश्न. हा तिसरा भागच खरा कामाचा आहे. 'इथे ती काही बोलली का नाही?', 'हा माणूस आधी एक बोलला आणि आता उलटेच का करतो?' अशी साधी वाक्ये चालतात. उत्तरे लगेच शोधण्याची घाई करू नये.

दुसरी पायरी : विषय आणि आशयसूत्र यांतला फरक

नवख्या लेखनातली सर्वांत मोठी अडचण इथे येते. 'या चित्रपटाचा आशय काय?' असे विचारले की उत्तर मिळते 'शेतकरी आत्महत्या', 'जातिव्यवस्था', 'प्रेम', 'गरिबी'. हे सगळे विषय आहेत. विषय एका शब्दात सांगता येतो. आशयसूत्र सांगायला पूर्ण वाक्य लागते, आणि ते वाक्य असे असावे की समोरचा समंजस माणूस त्याच्याशी असहमत होऊ शकेल. 'हुंडा वाईट आहे' याच्याशी कोणी भांडणार नाही, म्हणून ते आशयसूत्र म्हणून निरुपयोगी.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९ सालचा चित्रपट या फरकासाठी उत्तम. त्याचा विषय विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या हाच आहे. पण कथा चालते कशावर? शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला धास्ती बसते की आपला नवरा किसनाही तसेच काही करील, आणि मग ती त्याच्यावर पाळत ठेवू लागते, मुलालाही त्याच्या मागे लावते. किसनाच्या डोक्यात त्या वेळी पेरणी आणि पाऊस. या विसंगतीतून हसू फुटते आणि ते हसू घशात अडकते. आता आशयसूत्राचे वाक्य असे लिहिता येईल : संकटाचे भय घरात शिरले की माणसे एकमेकांवर माया करण्याऐवजी एकमेकांवर पहारा ठेवू लागतात आणि माया मग उरतच नाही. याच्याशी कोणी म्हणेल, 'नाही, तो पहारा म्हणजेच माया आहे.' छान, वाद झाला म्हणजे वाक्य जिवंत आहे. 'विदर्भातील शेतकऱ्यांच्या व्यथा मांडल्या आहेत' या वाक्यावर असा वाद होऊच शकत नाही.

एका कलाकृतीत एकच आशयसूत्र असते असे मात्र समजू नये. मोठ्या कादंबरीत तीन-चार सूत्रे एकमेकांत गुंतलेली असतात. पहिल्या लेखात त्यांतले एकच हाती धरावे.

तिसरी पायरी : पात्र ओळखावे ते निवडीवरून

पात्रांविषयी लिहिताना आपण विशेषणांचा ढीग घालतो : कष्टाळू, सोशिक, प्रामाणिक, स्वाभिमानी. मराठीच्या उत्तरपत्रिकांनी लावलेली ही सवय आहे आणि ती सोडवणे जड जाते. तिच्यावर उपाय एकच. प्रत्येक विशेषण खोडावे आणि त्या जागी पात्राने केलेली एक निवड लिहावी. पात्रासमोर दोन वाटा होत्या, त्यांतली एक त्याने घेतली, आणि त्या वाटेची किंमत त्याला काय पडली, या तीन गोष्टी सापडल्या की पात्र सापडले.

'धग'मधली कौतिक घ्या. तिला 'सोशिक स्त्री' म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे आणि त्यातून तिच्याविषयी काहीच कळत नाही. तिचा नवरा महादेव शिंपीकाम करणारा, पण एका जागी न टिकणारा. घरात दारिद्र्य आणि समोर वाढती मुले. आता वहीत दोन याद्या कराव्यात. कोणत्या प्रसंगी कौतिक महादेवची वाट पाहते, आणि कोणत्या प्रसंगी ती वाट पाहणे सोडून स्वतः कामाला हात घालते? दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक प्रसंगापुढे लिहावे की त्यानंतर महादेव कसा वागला. याद्या समोर ठेवल्या की विशेषणांत कधीच न दिसणारी एक गोष्ट दिसू लागते : घर सावरण्याची तिची धडपड आणि त्या धडपडीनेच नवऱ्याशी वाढत जाणारे अंतर या एकाच धाग्याच्या दोन बाजू आहेत. ते तुम्हाला तसे दिसेलच असे नाही. दुसरे काही दिसले तरी चालेल, फक्त ते याद्यांतून निघालेले असावे.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली पात्रांची एक विभागणी सुचवली, ती आजही वापरात आहे. काही पात्रे सपाट असतात, म्हणजे एकाच गुणावर उभी असतात आणि शेवटपर्यंत तशीच राहतात. काही भरीव असतात, म्हणजे आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करण्याची ताकद त्यांच्यात असते. नवखे विद्यार्थी 'सपाट' हा शब्द शिवीसारखा वापरतात. तसे करू नये. सपाट पात्रे पाहताक्षणी ओळखू येतात आणि लक्षात राहतात, हा त्यांचा उपयोग खुद्द फॉर्स्टर यांनीच सांगितला आहे. आपल्याकडे, पूर्व विदर्भात, झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक रंगमंचावर आला की मंडपात बसलेल्या मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळते की आता हा जमीन गिळणार. ती ओळख हीच त्या रंगभूमीची शक्ती आहे. प्रश्न एवढाच विचारावा की हे पात्र सपाट ठेवल्याने नाटकाला काय मिळाले.

आता एक उदाहरण जरा जवळून पाहू. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'विषयी (२०१६) लिहिताना बहुतेकांचा पहिला परिच्छेद असा असतो :

"आर्ची ही अत्यंत धाडसी व बिनधास्त मुलगी आहे. ती कोणालाही घाबरत नाही. ती आजच्या आधुनिक स्त्रीचे प्रतीक आहे."

यातले एकही वाक्य चुकीचे नाही आणि एकही उपयोगाचे नाही. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, मुलांना दरडावते. ही दृश्ये वहीत मांडून तिसऱ्या रकान्यात प्रश्न लिहावा : ही गाडी कोणाची? ट्रॅक्टर कोणाचा? गावात तिला कोणी अडवत नाही ते कशामुळे? मग आर्ची पळून जाते त्या हैदराबादला जावे, जिथे वडिलांचे नाव कोणाला ठाऊक नाही, राहायला झोपडपट्टीतली खोली आहे, सुमनअक्कांच्या आधाराशिवाय पाय ठेवायला जागा नाही आणि भाषाही परकी आहे. आता परिच्छेद असा होईल :

"गावात आर्चीच्या धाडसामागे तिच्या वडिलांची पाटीलकी उभी आहे, बुलेट आणि ट्रॅक्टर त्यांचेच आहेत आणि तिला न अडवणारी माणसे त्यांनाच घाबरतात. हैदराबादला हा आधार सुटतो आणि तिला पहिल्यांदा भीती, किळस आणि एकटेपणा यांच्याशी स्वतःच्या बळावर झगडावे लागते. म्हणून तिचे खरे धाडस पूर्वार्धातल्या गाडीवर नसून उत्तरार्धातल्या त्या खोलीत आहे."

हा परिच्छेद वादग्रस्त आहे आणि तसा असणे चांगलेच. याच्याविरुद्ध जाणारा पुरावा चित्रपटातच आहे : पळून जाताना ती वडिलांच्याच माणसांवर बंदूक रोखते, म्हणजे त्या सत्तेच्या विरोधात उभे राहण्याचे बळ तिच्यात हैदराबादच्या आधीही होते. विरुद्ध जाणारा प्रसंग लपवू नये. तो लेखात आणावा आणि त्यामुळे आपले म्हणणे किती बदलते ते सांगावे. शहाणा वाचक लेखावर विश्वास ठेवतो तो इथे.

चौथी पायरी : सांगतो कोण?

कादंबरीत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक जण विसरतात. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर नेमणूक होऊन आलेला तरुण मास्तर सांगतो. म्हणजे वाडीतली माणसे आपल्याला दिसतात ती बाहेरून आलेल्या, शिकलेल्या आणि हळूहळू त्यांच्यात मिसळत जाणाऱ्या एका माणसाच्या नजरेने. हीच गोष्ट वाडीच्या कारभाऱ्याने सांगितली असती तर काय गळाले असते आणि काय नव्याने आले असते, हे दहा ओळींत लिहून पाहावे. चित्रपटात निवेदकाची जागा कॅमेरा घेतो, म्हणून तिथे प्रश्न बदलतो : कॅमेरा कोणाच्या जवळ उभा आहे, कोणाच्या खांद्यावरून पाहतो, आणि कोणाकडे पाठ फिरवतो?

पाचवी पायरी : बोली

इथे वऱ्हाडातला आणि झाडीपट्टीतला वाचक पुण्या-मुंबईच्या समीक्षकापेक्षा पुढे आहे आणि त्याने याचा फायदा घेतलाच पाहिजे. 'धग'मधले संवाद वऱ्हाडीत आहेत. 'मले', 'तुले', 'काहून' एवढ्यावरून ती वऱ्हाडी हे कोणालाही कळेल. पण एखाद्या वाक्यातला राग खरा आहे की लाडाचा, नवऱ्याला उद्देशून बोललेले वाक्य अदबीचे आहे की टोचणारे, हे ज्याच्या घरात ही बोली चालते त्यालाच कळते. अशी पाच वाक्ये निवडून त्यांचा सूर आपल्या शब्दांत समजावून सांगावा. परक्या वाचकासाठी हे काम सोन्याच्या मोलाचे आहे आणि ते ग्रंथालयातल्या कोणत्याही संदर्भग्रंथात आयते मिळत नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट तपासावी. लोकप्रिय चित्रपटांत आणि मालिकांत वऱ्हाडी बोलणारे पात्र बरेचदा हसवण्यासाठीच येते. घराचा मालक प्रमाण मराठी बोलतो आणि नोकर किंवा मित्र वऱ्हाडी. असे दिसले तर नुसते रागावून लिहू नये. कोणत्या पात्राला कोणती भाषा दिली आहे याचा तक्ता करावा आणि तो तक्ता बोलू द्यावा.

सहावी पायरी : वस्तू, जागा आणि आवाज

चित्रपट शब्दांइतकाच वस्तूंतून बोलतो. 'शोले'तले (१९७५) जयचे नाणे सर्वांना ठाऊक आहे : निर्णय घ्यायचा की तो नाणे उडवतो, आणि नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या हे वीरूला कळते तेव्हा जय उरलेला नसतो. नशिबावर सोडलेले वाटणारे सगळे निर्णय त्याने मित्रासाठी आधीच घेतलेले होते, हे एकही संवाद न वापरता कळते. प्रत्येक चित्रपटात अशी वस्तू असेलच असे नाही. पण एखादी वस्तू दोनपेक्षा जास्त वेळा ठळकपणे दिसली तर तिची नोंद करावी.

मंजुळे यांच्याच 'फँड्री' या चित्रपटातला एक प्रसंग मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. चित्रपटाचा नायक जब्या याचे कुटुंब शाळेजवळ डुकराच्या मागे धावत आहे, डुक्कर हाती येण्याच्या बेतात असते आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जिथल्या तिथे थांबतात. डुक्कर निसटते. इथे विचारावे : या दृश्यात कोणता आवाज आहे आणि कोणता नाही? कोण स्थिर आहे आणि कोण हलते आहे? ज्या राष्ट्राच्या सन्मानासाठी हे कुटुंब उभे राहिले त्या राष्ट्रातल्या शाळेची भिंत त्यांच्यापासून किती हातांवर आहे? पुढे बांधलेले डुक्कर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रे दिसतात, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. हे तीन प्रसंग एका ओळीत ठेवून एक पानभर लिहावे, आणि तेवढ्या पानात 'जातिव्यवस्था' हा शब्द एकदाही वापरू नये. शब्द हातातून काढून घेतला की दृश्याचे वर्णन नेमके करावे लागते.

सातवी पायरी : आपल्या गावाचा मोह

ज्या ओळखीचा फायदा होतो तीच ओळख अडथळाही ठरते. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' बुलढाणा भागातल्या शेतकरी कुटुंबाची कादंबरी आहे. तिला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातला एकनाथ, शिकलेला आणि तरीही शेतीत अडकलेला, आपल्या प्रत्येक गावात आहे. म्हणून तिच्याविषयी लिहायला बसलेला तरुण दुसऱ्या परिच्छेदात कादंबरी सोडतो आणि कृषी केंद्राची उधारी, कापसाचा भाव, न लागलेली नोकरी, न जमणारे लग्न यांविषयी लिहू लागतो. ते सगळे खरे असते, कळकळीचे असते, आणि कादंबरीविषयी एक ओळही त्यात नसते. नियम कडक ठेवावा : आपल्या अनुभवातली गोष्ट लेखात आणायची असेल तर तिच्या आधी आणि नंतर कादंबरीतला प्रसंग पानाच्या क्रमांकासह आला पाहिजे. आपला अनुभव प्रसंगाचा अर्थ उघडण्यासाठी आहे, त्याची जागा घेण्यासाठी नाही. अनुभव आणि प्रसंग जिथे जुळत नाहीत तिथे तर जास्तच थांबावे. 'आमच्याकडे असे होत नाही' हा आक्षेप लेखकावर ठेवण्यापूर्वी लेखकाने ते वेगळे का केले असेल, याचा विचार करावा.

लिहिणे आणि दाखवणे

पहिला लेख दोन-तीन पानांचा पुरे. पहिल्या परिच्छेदात आशयसूत्राचे वाक्य, मग त्याला आधार देणारे तीन प्रसंग, मग विरुद्ध जाणारा एक प्रसंग. कथानक सांगायचे ते वाचकाला प्रसंग कळण्यापुरते, चार ओळींत. लेखक-दिग्दर्शकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार यांची यादी गाळावी. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यापुढे विचारावे, 'हे कशावरून?', आणि ज्याचे उत्तर वहीत नाही ते वाक्य काढून टाकावे. मराठीतले कित्येक छापील परीक्षण-लेखही या चाळणीतून निम्मे खाली पडतील, त्यामुळे आपली दहा वाक्ये पडली तर वाईट वाटून घेऊ नये.

लेख एखाद्याला वाचून दाखवावा, आणि तो माणूस ती कलाकृती पाहिलेला असावा. मराठीचे शिक्षकच हवेत असे नाही. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर धान निघाले की वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटके गावोगावी रात्रभर चालतात आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्यांची चिरफाड होते. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच प्रेक्षकांसमोर आयुष्यभर उभे राहून. या प्रेक्षकाला नट कुठे खोटा पडला ते अचूक कळते. त्याला फक्त 'कशावरून?' हा प्रश्न विचारून वहीत उत्तर लिहून घ्यायचे. नवख्या माणसाला याहून चांगला सराव मिळणार नाही, कारण नाटक दुसऱ्यांदा पाहता येत नाही आणि प्रसंग लक्षात ठेवण्याची सवय लागते.

एक लेख जमला की दोन कलाकृतींची तुलना हाती घ्यावी. 'साम्य आणि भेद' असे दोन रकाने करून मात्र ती होत नाही. दोन्हींना एकच प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ, 'धग'मधली कौतिक आणि 'गाभ्रीचा पाऊस'मधली अलका या दोघींना विचारा की नवऱ्यावरचा भरवसा डळमळल्यावर घरातली बाई प्रथम काय करते. एकीचे उत्तर तुम्हाला संवादांत आणि निवेदनात शोधावे लागेल, दुसरीचे तिच्या नजरेत आणि ती कुठे उभी राहते यात. आणि ही दोन्ही उत्तरे वहीत समोरासमोर लिहिताना कादंबरी काय सांगू शकते आणि चित्रपट काय दाखवू शकतो, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहील.